आधी पाय, की आधी पाळणा?

पहिल्या बाळंतपणात पोटरीवर उठलेल्या निळ्या, गाठाळ शिरा मूल चालायला लागलं तरी जात नाहीत. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी खाज सुटते. शेवटी कुणीतरी पायाची डॉपलर सोनोग्राफी करायला लावतं, ‘व्हेरिकोज व्हेन्स’ असं निदान होतं आणि सर्जन लेझरची तारीख देतात. नेमका त्याच सुमारास घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघालेला असतो. मग सल्ल्यांना तोटा नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, “आत्ता करून काय उपयोग? बाळंतपणात पुन्हा येणारच.” सासूबाईंचं म्हणणं, मूल आधी होऊ दे, पायांचं नंतर बघू. सर्जन म्हणतात, करून टाका. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी तर पाय पाहिलेलेच नसतात, कारण सलवार वर करून दाखवायचं कुणाला सुचलेलं नसतं.

प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण सर्वांत जास्त ऐकलं जातं ते वहिनींचं, आणि त्यांचंच म्हणणं अर्धं चुकतं. ते कुठे चुकतं हे कळायला पायातलं रक्त वर कसं चढतं हे आधी पाहावं लागेल.

उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा जो स्तंभ उभा असतो, त्याचा हा भार. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, खोल शिरांमधलं रक्त वर ढकलतात आणि हाच दाब ३०च्या आसपास उतरतो. वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये अंतराअंतरावर पातळ पडद्यांच्या झडपा असतात. पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये या झडपांवर सचित्र पुस्तक काढलं. पण पायाकडे रक्त फार वेगाने जाऊ नये म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी, अशी त्याची समजूत होती. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेने दिशा उलटी लावली आणि १६२८ च्या ग्रंथात रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपा पुराव्याला घेतल्या.

विहिरीवरच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. पायातही तेच होतं. फरक इतकाच, की पायात झडपा एकाखाली एक अशा अनेक असतात. वरची गळाली की तिच्या वाट्याचा भार खालचीवर येतो, तिथली शिर ताणून रुंदावते, तिच्याही झडपेचे दोन पडदे एकमेकांना पोहोचेनासे होतात. मग त्या खालची. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून गुडघ्याजवळून थेट जांघेपर्यंत जाणारी ‘ग्रेट सॅफेनस’ नावाची लांब शिर या साखळीत बहुतेक वेळा सापडते. पोटरीवर डोळ्यांना दिसतात ते तिचे फुगलेले फाटे. खरी गळती मांडीत, कातडीखाली, न दिसणाऱ्या जागी असते.

गरोदरपणात या व्यवस्थेवर चहूबाजूंनी ताण येतो. शरीरातल्या रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. वाढतं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर रेलतं, त्यामुळे पायातल्या रक्ताची वर जायची वाट अडते. डाव्या बाजूला हे अधिक, कारण तिथे पायाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी आडवी गेलेली असते आणि ती शिर मुळातच थोडी दबलेली असते. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी झालीच तर ती बहुतांश वेळा डाव्या पायात का सापडते, याचं उत्तर या रचनेत आहे. पण सगळा दोष वजनाला आणि गर्भाशयाला देता येत नाही. कित्येक बायकांना शिरा दिसू लागतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा पोट दिसतही नसतं. ते काम प्रोजेस्टेरॉनचं. गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवणारं हे संप्रेरक शिरांच्या भिंतीही सैल करतं. भिंत सैल झाली की झडप उघडी पडते, इतकं ते सरळ आहे.

बाळंतपणानंतर संप्रेरकं उतरतात, पोट रिकामं होतं आणि फुगलेल्या शिरा पुष्कळदा आपोआप बसतात. याला तीन महिने लागतात, कधी वर्षही. म्हणूनच गरोदरपणात या शिरांवर हस्तक्षेप करायचा नाही असा संकेत आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत अपवादात्मक परिस्थिती सोडली तर गरोदरपणात उपचार करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. उपचार करायचे ते गरोदरपणाआधी, नाहीतर नंतर. मधले नऊ महिने मोजे आणि सांभाळ.

आता लेझरकडे वळू, कारण त्याविषयीच्या भीतीमुळेच निम्मे गोंधळ होतात. पूर्वी जांघेत छेद देऊन ती लांब शिर बांधत आणि खालून ओढून काढत. आता गुडघ्याजवळ सुईने शिरेत शिरतात, सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक तंतू जांघेजवळपर्यंत सरकवतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं सलाइन भरतात आणि तंतू मागे घेत आतून उष्णता देतात. लेझरऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सी वापरली तर शिरेची सात-सात सेंटिमीटरची एकेक पट्टी २० सेकंद १२० अंशांवर तापवली जाते. भिंत भाजते, आक्रसते, शिर बंद होते आणि पुढच्या काही महिन्यांत तिची दोरी होऊन विरून जाते. बाई त्याच दिवशी चालत घरी येते. शिर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न हमखास येतो. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधून वर जातं. ही वरवरची शिर तर रक्त उलटं खाली सोडत होती, तेव्हा ती बंद झाल्याने पायाचं नुकसान होत नाही.

लेझरचा गर्भाशयावर, बीजांडावर परिणाम होतो का? नाही. लेझर हा प्रकाश आहे, त्याची उष्णता शिरेभोवतीच्या काही मिलिमीटरमध्येच संपते, आणि सलाइनचं वेष्टन त्यासाठीच घातलेलं असतं. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, त्यात एक्स-रे नाही. बारीक शिरांमध्ये जे फेसाळ औषध टोचतात, त्यातलं पॉलिडोकॅनॉल रक्तातून काही तासांत उतरतं. तेव्हा ‘औषध अंगात राहील म्हणून वर्षभर थांबा’ या सल्ल्याला आधार नाही. थांबायचं असतं, पण कारणं वेगळी आहेत. ती पुढे येतील.

वहिनींचं चुकतं ते इथे. उपचाराने बंद झालेली शिर सहसा बंदच राहते. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर वर्षभराने तपासलं तर दहातल्या नऊंहून अधिक शिरा बंदच आढळतात. बाळंतपणात ‘परत आल्या’ असं ज्यांना म्हणतात त्या बऱ्याचदा नव्या असतात. मांडीच्या पुढच्या बाजूची एखादी उपशिर, खोल आणि वरच्या शिरांना जोडणारा एखादा दुवा किंवा ओटीपोटातून जांघेत उतरलेली गळती. शिरांच्या भिंती मऊ असण्याचा कल आईकडून, आजीकडून आलेला असतो, आणि तो लेझरने जात नाही. वहिनींचं बरोबर आहे ते एवढ्यापुरतं. पुढचं बाळंतपण हे नव्या शिरा येण्याचं मान्य कारण आहे, आणि कुठल्याही प्रामाणिक सर्जनने ते तारीख देतानाच सांगायला हवं. पण मांडीतली मोठी गळती घेऊन गरोदरपणात शिरणं आणि ती बंद करून शिरणं, यात फरक आहे.

मग आधी काय करायचं? याचं उत्तर बहुतेक वेळा डॉपलरच्या रिपोर्टवरच असतं. ही तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. बाईला झोपवत नाहीत. एका ठेंगण्या स्टुलावर उभं करतात, ज्या पायाची तपासणी त्याच्यावर भार न देता. जांघेत थंड जेल लावून यंत्राचं डोकं टेकवतात आणि डॉक्टर दुसऱ्या हाताने पोटरी दाबतात. पडद्यावर एक रंग झळकतो, रक्त वर गेलं. हात सोडला की झडप चांगली असेल तर पडदा तिथेच काळा होतो. गळकी असेल तर दुसरा रंग उमटतो आणि रेंगाळतो. हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर त्या वरवरच्या शिरेची झडप नादुरुस्त धरतात. झोपवून, दोन मिनिटांत उरकलेल्या डॉपलरवर ऑपरेशन ठरलं असेल, तर तपासणी पुन्हा उभ्याने करून घ्यावी.

रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या टिपणात इंग्रजी ‘सी’ आणि पुढे एक आकडा असतो. १९९४ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘सीप’ वर्गवारीचा हा भाग. सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा. सी-२ म्हणजे तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, फुगीर शिरा. सी-३ मध्ये सूज आली. सी-४ मध्ये घोट्याजवळची कातडी काळवंडते, घट्ट होते, खाजते. सी-५ म्हणजे जखम होऊन भरलेली, सी-६ म्हणजे वाहती जखम.

सी-१ असेल आणि मुलाचा विचार येत्या वर्षातला असेल, तर मी थांबेन. त्या रेषांनी गरोदरपणाला काही धोका नाही. आज सुया टोचून घेतल्या तरी पुढच्या वर्षी नव्या दिसतील आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. सी-४ पासून पुढे मात्र मुलाआधी पाय. काळवंडलेल्या कातडीवर गरोदरपणातल्या वाढीव दाबाचे नऊ महिने काढणं म्हणजे जखमेला आमंत्रण. शिरेतून एकदा रक्तस्राव झालेला असेल, किंवा शिर लाल, कडक, दुखरी होऊन तिच्यात गुठळी झालेली असेल, तरीही तसंच. अडचण होते ती सी-२ आणि सी-३ ची, आणि बहुतेक बायका याच पायरीवर असतात. इथे त्रास किती, काम कसलं, आणि वय काय, या तीन गोष्टी तोलाव्या लागतात. दिवसभर फळ्यासमोर उभ्या असणाऱ्या शिक्षिकेला, वॉर्डातल्या नर्सला, साड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असणाऱ्या मुलीला संध्याकाळी पाय उचलवत नसतील, तर पोट वाढल्यावर तिचे हाल होतील. तिने आधी उपचार घेतलेले बरे. ज्यांना फक्त शिरा दिसतात, दुखत नाहीत, त्यांनी दोन्ही मुलं झाल्यावर एकदाच काय ते करावं, हा सल्ला बरेच डॉक्टर देतात आणि तो चुकीचा नाही.

वयाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. पस्तिशीच्या आसपासच्या बाईने केवळ पायांसाठी मूल लांबणीवर टाकू नये. शिरा थांबतात, बीजांडं थांबत नाहीत.

उपचार घेतलेच, तर गर्भ राहायला किती अंतर असावं? यासाठी सगळीकडे मान्य असा एकच आकडा नाही. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर तीन ते सहा महिने सांगतात, आणि त्यामागे हिशेब आहे. मुख्य शिर बंद केल्यावर उरलेल्या फाट्यांसाठी फेसाची इंजेक्शनं काही आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागतात. मध्येच दिवस राहिले तर काम अर्धवट राहतं. बंद केलेली शिर खरोखर बंद राहिली का, हे काही महिन्यांनी डॉपलर करून पाहायचं असतं. आणि तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. शिरेवरच्या कोणत्याही उपचारानंतर काही आठवडे रक्ताची गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढलेली असते. गरोदरपणात ती एरवीपेक्षा चार-पाच पट असते, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत त्याहूनही जास्त. हे दोन धोके एकमेकांवर चढवण्यात शहाणपण नाही. आकड्यांनी घाबरून जायचंही कारण नाही. एकूण हजार गरोदरपणांमागे एक-दोन बायकांनाच अशी गुठळी होते.

लेझरनंतर क्वचित तापवलेल्या टोकापासून गुठळी खोल शिरेत डोकावते. मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होतात. रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. वॉरफॅरिन तर वारेतून गर्भापर्यंत पोहोचतं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात घेतलं गेलं तर बाळाच्या नाकाच्या, हाडांच्या वाढीत दोष आणू शकतं. हेपारिनची इंजेक्शनं वार ओलांडत नाहीत, म्हणून गरोदरपणात ती वापरतात. तेव्हा अशा गोळ्या चालू असताना दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यायची, आणि राहिलेच तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, कारण गोळी बंद करून मध्ये काहीच न घेणं हेही धोक्याचं. शिरांसाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या डायोस्मिनसारख्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे यांची यादीही स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवावी. ‘ती तर पायाची गोळी आहे’ म्हणून ती सांगायची राहून जाते.

या मधल्या काळात पाळणा लांबवायचा कसा? इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच गुठळीची शक्यता वाढवतात. चार-सहा महिन्यांसाठी निरोध पुरतो. आणि थांबायचंच आहे तर त्या महिन्यांचा उपयोग करून घ्यावा. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं. आपल्याकडे ते बहुतेकींना दिवस गेल्याचं कळल्यावर, म्हणजे उशिरा सुरू होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्यावी. वजन चार किलोंनी उतरलं तर पायांनाही बरं. पैशाचं एक गणितही आधीच पाहावं. आपल्याकडच्या बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सना दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, बाळंतपणाचा वेगळा असतो. पॉलिसी गेल्या वर्षीची असेल तर लेझरचं बिल स्वतःच्या खिशातून जाईल, हे तारीख घेण्याआधी कळलेलं बरं.

आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहून लेझरनंतर दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले तर? घाबरायचं कारण नाही. गर्भ ठेवू नये असं कोणतंही कारण त्यातून निर्माण होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना तारखेसह सांगायचं, उरलेली इंजेक्शनं बाळंतपणानंतरवर ढकलायची, पायाचं एक डॉपलर करून घ्यायचं.

गरोदरपणातल्या मोज्यांबद्दल अपेक्षा नेमक्या ठेवाव्यात. २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ४२ गरोदर बायकांवर एक छोटी चाचणी झाली. दाबाचे मोजे घालणाऱ्यांना नव्या शिरा यायच्या त्या आल्याच. पण पाय कमी दुखले, आणि जांघेतला उलटा प्रवाह कमी जणींत आढळला. म्हणजे मोजे शिरा थांबवत नाहीत, दिवस सुसह्य करतात. ज्यांनी उपचार घेतले आहेत त्यांनी ते सुरुवातीच्या महिन्यांपासूनच घालावेत, कारण संप्रेरकांचा परिणाम पोटाच्या आधी सुरू होतो. अडचण आहे ती घालण्याची. मोज्यांचं माप पायाची सूज उतरलेली असताना, सकाळी घोटा, पोटरी, मांडी टेपने मोजून घ्यावं लागतं. दुकानदाराने ‘मीडियम’ म्हणून हातात ठेवलेला जोड उपयोगाचा नाही. अंथरुणातून उठण्याआधी घालायचे. टाचेपर्यंत मोजा उलटा करून पाऊल आत घालायचं आणि मग हळूहळू वर सरकवायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते. पायाला तेल लावून घालू नयेत, सरकतही नाहीत आणि खराबही होतात. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत मांडीपर्यंतचे मोजे आठ तास घालणं ही शिक्षाच आहे, हे डॉक्टरांनीही मान्य करावं; गुडघ्यापर्यंतचे रोज घातलेले मोजे, कपाटात पडून राहिलेल्या मांडीपर्यंतच्या मोज्यांपेक्षा बरे. एकच पथ्य, वरची पट्टी गुंडाळून खाली आली तर ती दोरीसारखी आवळते आणि होतं ते उलटंच. पाचव्या-सहाव्या महिन्यात माप पुन्हा घ्यावं.

उभं राहण्याचं काय? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून चालत आलेली एक तरतूद आहे, जी बहुतेक बायकांना माहीतच नसते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसेल तर तेही दिवस, बाईने मागणी केल्यास मालकाला तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम सांगता येत नाही. मागणी मात्र तिने करायची. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी कामाच्या वेळी बसायला मिळावं म्हणून झगडा दिला आणि २०१८ मध्ये तिथे दुकाने कायद्यात बसण्याची सोय आली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. पाय सुजणं, शिरा फुगणं ही त्या बायकांची उघड तक्रार होती. उभं राहावंच लागत असेल तर एका जागी खिळून राहू नये. टाचा उचलाव्यात, चार पावलं टाकावीत. पोटरी आवळली की दाब उतरतो. रात्री डाव्या कुशीवर झोपलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवरून सरकतो.

बाळंतपणासाठी नाव नोंदवताना शिरांचा आणि उपचारांचा उल्लेख करायचा तो गुठळीच्या हिशेबासाठी. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ च्या मार्गदर्शिकेत गुण मोजायची पद्धत दिली आहे. गुडघ्याच्या वर गेलेल्या, त्रास देणाऱ्या किंवा सूज-काळेपणा आणणाऱ्या शिरांना एक गुण. वय ३५ च्या वर असेल तर एक, लठ्ठपणाला एक किंवा दोन, तीन किंवा अधिक बाळंतपणं झाली असतील तर एक. बेरीज चार किंवा जास्त झाली तर पहिल्या तिमाहीपासून, तीन झाली तर २८ व्या आठवड्यापासून हेपारिनचा विचार करायचा. नुसत्या शिरांमुळे इंजेक्शनं लागत नाहीत, पण इतर दोन-तीन गोष्टी जोडीला आल्या तर लागू शकतात. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून कडक झाली, किंवा दम लागून छातीत दुखलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. फुगलेल्या शिरेतून रक्त आलं तर आडवं व्हायचं, पाय उंच धरायचा आणि त्या जागेवर बोटाने दाबून ठेवायचं. आपल्याकडे घाईत वरच्या बाजूला फडकं आवळून बांधतात. त्याने शिरेतला दाब वाढतो आणि रक्त अधिक येतं.

कधी कधी योनीमुखाजवळही शिरा फुगतात. लाजेपोटी बायका ते सांगत नाहीत. त्या बाळंतपणानंतर बहुधा बसतात, आणि तेवढ्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही. पायातल्या शिरांसाठी तर नाहीच. बसल्या नाहीत, किंवा मांडीच्या मागच्या बाजूला शिरा उतरल्या, तर गळती ओटीपोटातली असू शकते आणि नुसता पायाचा लेझर तिथे अपुरा पडतो.

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याकडे आपल्या घरांनी थोडं नव्याने पाहायला हवं. गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, आणि आपला सव्वा महिना जवळपास तेवढाच. विश्रांती, सकस खाणं, कामातून सुटका, हे त्यातलं उत्तम. पण बाळंतिणीने खाटेवरून उतरायचंच नाही, पाणी बेतानेच प्यायचं, खोलीत शेगडी आणि दारं-खिडक्या बंद, हे शिरांच्या दृष्टीने नको ते सगळं एकत्र. हालचाल थांबली की पोटरी रक्त ढकलत नाही, पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, शेगडीच्या उष्णतेने शिरा रुंदावतात. पहिल्याच दिवसापासून घरात चालायचं, तहानेपेक्षा थोडं जास्तच पाणी प्यायचं, स्तनपान चालू असेल तर नक्कीच. मालीश करणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवायचं की पोटरीवर जोर लावायचा नाही, फुगलेल्या शिरेवरून अंगठा ओढायचा नाही. पाय दुखतोय म्हणून सुजलेली पोटरी रगडून घेणं तर टाळायलाच हवं. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. सिझेरियन झालेल्या, लठ्ठ, पस्तिशीपुढच्या आणि मोठ्या शिरा असलेल्या बायकांना डॉक्टर दहा दिवस किंवा जास्त हेपारिनची इंजेक्शनं देतात. ती घरी आल्यावर ‘आता बरं आहे’ म्हणून सोडायची नाहीत.

पायांचा पुढचा विचार बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी करावा. तोवर बहुतेकींच्या शिरा जितक्या बसायच्या तितक्या बसलेल्या असतात, आणि जे उरलं त्याचं डॉपलर खरं चित्र दाखवतं. फेसाची इंजेक्शनं अंगावरचं दूध सुटल्यावर द्यावीत असं बरेच डॉक्टर सांगतात. मूल आता पुरे असं ठरलं असेल तर पुढच्या गर्भनिरोधनासाठीही इस्ट्रोजेनच्या गोळ्यांऐवजी तांबी किंवा नसबंदीचा विचार व्हावा. आणि नसबंदी कुणाची, हा प्रश्न निघाला तर नवऱ्याची सोपी असते, टाके एक-दोन लागतात, कधी लागतही नाहीत.